वहिवाट

इंग्लंडच्या दक्षिणेस, ऑक्सफर्डशायरच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, अफिंग्टन नावाचे एक खेडे आहे. १९७४ साली परगण्यांच्या हद्दी नव्याने आखल्या जाईपर्यंत ते बर्कशायरमध्ये मोडत असे, आणि गावातल्या वृद्ध मंडळींच्या तोंडी अजूनही बर्कशायरचेच नाव येते; सरकारी दप्तराने हद्द हलवली म्हणून माणसाचे गाव हलत नाही, हे बेळगाव-कारवारच्या लोकांना वेगळे सांगावयास नको. गावातील बरीच जुनी घरे खडूच्या दगडाची, काहींवर अजून गवती छपरे. मध्यभागी तेराव्या शतकातले सेंट मेरीचे देवालय, ज्याच्या मनोऱ्याचे निमुळते शिखर अठराव्या शतकातल्या एका वादळात कोसळले तेव्हा गावकऱ्यांनी त्या जागी आणखी एक अष्टकोनी मजला चढवून वेळ निभावून नेली. नोकरीच्या ओघात माझे बिऱ्हाड या मुलखात येऊन पडले, आणि पुण्यास असताना पहाटे तळजाईच्या बाजूस पळावयास जाण्याचा जो परिपाठ होता तो येथेही आपोआप पुढे चालू झाला. माझ्या आईला या उद्योगाचे कौतुक तेव्हाही नव्हते आणि आताही नाही. ‘कुणी मागे लागलंय का रे तुझ्या?’ असे ती फोनवर विचारते, आणि या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मला आजवर देता आलेले नाही.

पुण्यास मी रस्ता पाहून पळत असे. येथे प्रथम नकाशा पाहावा लागतो. ऑर्डनन्स सर्व्हे या १७९१ पासून चालत आलेल्या सरकारी मोजणी खात्याचा, चार सेंटिमीटरास एक किलोमीटर या प्रमाणाचा नकाशा पुढे पसरला की शेतांच्या बांधांतून, कुरणांच्या मधून, क्वचित एखाद्याच्या परसदारावरून गेलेल्या हिरव्या तुटक रेघा दिसतात. यांतील प्रत्येक रेघ म्हणजे सार्वजनिक हक्काची वाट. जमीन कोणाच्याही मालकीची असो, पीक कोणाचेही असो, या रेघेवरून कोणीही, कोणत्याही वेळी, कोणासही न विचारता पायी जावे. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटांची लांबी सुमारे २,२५,००० किलोमीटर भरते. आमच्या गावाभोवती या रेघांचे जे जाळे आहे त्यातून हवी ती तुकडेजोड करून पाच मैलांची, आठ मैलांची, किंवा रविवारी अंगात खुमखुमी असेल तर चौदा मैलांची फेरी बांधता येते. मनगटावरचे घड्याळ दर मैलाला कुरकुरते ते सोडले तर या फेऱ्यांत यंत्राचा संबंध फारसा येत नाही, आणि ते घड्याळही मी हल्ली घरी ठेवू लागलो आहे.

या प्रदेशाची घडण पळणाऱ्याच्या पायांना फार लवकर कळते. उत्तरेस सपाट खोरे, चिकण मातीचे. दक्षिणेस एकाएकी उठलेला खडूच्या डोंगराचा कडा. आणि दोहोंच्या सांध्यावर, डोंगरात मुरलेले पाणी खाली चिकण थराशी अडून जेथे बाहेर पडते त्या झऱ्यांच्या ओळीवर, वुलस्टन, कॉम्प्टन बोशँप, किंग्स्टन लाईल, अशी एकाला लागून एक गावे. जुन्या काळी येथल्या गावांच्या शिवा आखणाऱ्यांनी मोठा शहाणपणा केला. प्रत्येक गावाची हद्द त्यांनी रुंद न ठेवता उत्तर-दक्षिण लांबट पट्टीसारखी ठेवली, म्हणजे खोऱ्यातील गवताळ कुरण, पायथ्याचे पाणी, मधल्या पायरीवरची नांगरट आणि माथ्यावरचे मेंढरांचे रान, यांतील थोडे थोडे प्रत्येकाच्या वाट्यास आले. म्हणूनच गावाच्या शिवेलगत दक्षिणेकडे पळत गेले की एका फेरीत या भूमीचे सारे थर पायांखालून जातात. नोव्हेंबरनंतर खोऱ्यातील चिकण माती बुटाला धरते ती सोडत नाही. पावलागणिक वजन वाढत जाते, आणि पन्नास-साठ पावलांवर थांबून काठीने तळवे खरवडावे लागतात, तेव्हा काळ्या मातीत मृगानंतर पेरणीस गेलेल्या शेतकऱ्याची आठवण कोणाही दक्षिणी माणसास व्हावी. डोंगर लागला की हा जाच संपतो आणि दुसरा सुरू होतो: पाऊस पडून गेल्यावर खडूची वाट साबण सांडलेल्या मोरीइतकी निसरडी होते, आणि तिच्यात रुतलेल्या गारगोटीच्या धारदार कपच्या पडणाऱ्याच्या तळहातावर आपली खूण ठेवून जातात.

गावापासून माथ्यापर्यंत चढ दीडशे-एकशेसाठ मीटरांचा. व्हाइट हॉर्स हिल या नावाचा तो माथा समुद्रसपाटीपासून २६१ मीटर उंच, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या निम्म्याहूनही कमी. परंतु कडा असा सरळ उठलेला आहे की शेवटच्या टप्प्यात पळणे हे केवळ तत्त्वापुरते उरते. ज्या घोड्यावरून या टेकडीस, आणि खालच्या सबंध खोऱ्यासही, नाव मिळाले तो येथेच, गवताखालच्या चरांत ठेचून भरलेल्या शुभ्र खडूने रेखलेला, सुमारे ११० मीटर लांब. खोऱ्यातून पाहावे तर त्याची सलग, वाकडी, धावती रेषा दिसते. जवळ गेल्यावर मात्र घोडा नाहीसा होतो, आणि चढणाऱ्याच्या दृष्टीस एकदा एक पाय, मग पाठीचा लांबच लांब पट्टा, मग कोणी कोणाला मारलेला नसताना उगाच उघडा राहिलेला एक डोळा, एवढेच सुटे अवयव येतात. फार दिवस असे मानीत की ८७१ साली डेन लोकांवर मिळवलेल्या विजयाचे स्मारक म्हणून आल्फ्रेड राजाच्या माणसांनी तो खोदला. १९९० च्या दशकात चरांतील मातीचे परीक्षण झाले तेव्हा त्याचे वय निदान अडीच-तीन हजार वर्षांचे निघाले, आणि आल्फ्रेडला हा मान परत करावा लागला. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या वैमानिकांना खूण सापडू नये म्हणून त्यावर माती-पाला घालून तो झाकला होता.

मला या घोड्याविषयी विस्मय वाटतो तो त्याच्या वयाचा नव्हे. दगडात कोरलेली लेणी दोन हजार वर्षे टिकतात, त्यांत माणसाची बेपर्वाई पचवण्याची ताकद असते. हा घोडा मात्र एका पिढीने हयगय केली असती तर गवताखाली बुजून गेला असता. चरांच्या कडा तासाव्यात, उगवलेले गवत खुरपावे, नवा खडू घालून हातोड्यांनी ठोकावा, हे काम शंभरांहून अधिक पिढ्यांनी, धर्म बदलले, भाषा बदलल्या, राज्ये बदलली तरी, न चुकता केले. आणि बहुतेकांना तो कोणी व कशासाठी काढला हे ठाऊकही नसावे. आजही उन्हाळ्यात नॅशनल ट्रस्टच्या वतीने स्वयंसेवक गुडघे टेकून हेच करतात.

या साफसफाईच्या निमित्ताने पूर्वी माथ्यावर जत्रा भरे, आणि त्या जत्रेत शर्यती होत, ही गोष्ट मला कळली तेव्हा आपण या टेकडीवर उपरे नाही असे प्रथमच वाटले. १७७६ सालच्या जत्रेचे जाहीरपत्रक उपलब्ध आहे. त्यात घोड्यांच्या आणि गाढवांच्या शर्यती आहेत, स्त्रियांसाठी अंगरख्याचे बक्षीस लावलेली धाव आहे, आणि घोड्याच्या पायांखालची ‘मेंजर’ नावाची जी खोल, कडे तुटलेली घळ आहे तीमधून खाली धावून चीज जिंकण्याची शर्यतही आहे. मी ती घळ वरून अनेकदा न्याहाळली आहे. तिच्यात उतरावयाचे तर मी बसून उतरेन, आणि चीज ज्याचे त्याला लखलाभ असो.

ही जत्रा १८५७ नंतर पुन्हा त्या थाटात भरली नाही. तिची हकिकत लिहून ठेवली ती याच गावी १८२२ साली जन्मलेल्या टॉमस ह्यूजने, १८५९ च्या आपल्या पुस्तकात. ह्यूजचे नाव जगास ठाऊक आहे ते मात्र त्याच्या आधीच्या, ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ या कादंबरीमुळे, जिचा प्रारंभ या खोऱ्यात होतो आणि मग नायक रग्बीच्या शाळेत जातो. तेथे मुलांचा एक खेळ वर्णिलेला आहे: दोघे ‘ससे’ होऊन कागदाचे कपटे टाकीत पुढे पळतात आणि बाकीचे ‘शिकारी कुत्रे’ तो माग काढीत, कुंपणे ओलांडीत, नांगरटीतून, ओढ्यांतून मागे धावतात. आज शेतांतून पळण्याच्या ज्या शर्यतींना क्रॉस-कंट्री म्हणतात त्यांचा वंश या पोरखेळाशी जाऊन भिडतो. १८६८ साली लंडनच्या बाजूस निघालेल्या, या प्रकारातल्या सर्वांत जुन्या क्लबाचे नावच मुळी ‘टेम्स हेअर अँड हाउंड्स’ आहे. तेव्हा आईच्या प्रश्नाचा रोख अगदीच अनाठायी नव्हता असे म्हणावयास हरकत नाही.

माथ्यावरून रिजवे नावाचा प्राचीन मार्ग जातो. १९७३ पासून त्यास राष्ट्रीय पदयात्रा-मार्गाचा दर्जा आहे, लांबी ८७ मैल. त्याच्या रुंद, पांढऱ्या चाकोऱ्यांतून पश्चिमेस दोनेक किलोमीटर गेले की बीच वृक्षांच्या कोंडाळ्यात ‘वेलंड्स स्मिदी’ ही पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची, उभ्या शिळांची समाधी लागते. रात्री येथे घोडा आणि एक नाणे ठेवून गेले तर अदृश्य लोहार नाल ठोकून ठेवतो अशी समजूत होती; मी बुटांच्या बाबतीत हा प्रयोग करून पाहिलेला नाही. त्याच्या दक्षिणेस लँबर्नच्या शर्यतीच्या घोड्यांची सरावाची मैदाने आहेत, आणि पहाटेच्या वेळी त्यांतील एखादी तुकडी धडधडत शेजारून निघून गेली की आपण जे करतो त्यास पळणे म्हणावे की नाही याचा विचार पडतो. वर चंडोल, खाली मेंढ्या, वारा नेहमी समोरून.

परंतु माझे मन रमते ते परतीच्या, खोऱ्यातल्या शेतांतून जाणाऱ्या वाटांवर. वईत मध्येच दोन फळ्यांची पायरी रोवलेली असते, तिच्या शेजारच्या खुंटाची वरची कड हातांच्या स्पर्शाने गुळगुळीत, काळसर झालेली. एक पाय फळीवर, एक हात खुंटावर, आणि दुसरा पाय पलीकडच्या शेतात, हा डौल साधावयास मला बरेच दिवस लागले. गुरांची फाटके अशी की एका वेळी एकाच माणसाने आत शिरून, झुलते दार मागे ढकलून, वळसा घेऊन बाहेर पडावे. खांबावर पिवळा बाण म्हणजे पायवाट, निळा म्हणजे घोडेवाट. शेताच्या मधून वाट जात असेल तर शेतकऱ्याने ती नांगरावी, त्यास कायद्याची मुभा आहे, मात्र चौदा दिवसांच्या मुदतीत ती निदान एक मीटर रुंदीची करून, तुडवून, दिसेल अशी परत द्यावी. त्यामुळे एप्रिलमध्ये कमरेपर्यंत न आलेल्या हिरव्या गव्हातून एक सरळ, तपकिरी भांग पडलेला दिसतो आणि माणूस निःशंकपणे त्यातून पळतो. बैलांविषयीचा कायदा तर वाचण्यासारखा आहे. दहा महिन्यांवरील वळू, तो सात नामनिर्दिष्ट दुभत्या जातींपैकी असेल तर, अशा वाटेच्या शेतात सोडू नये. अन्य जातीचा असेल तर गाईंसमवेत सोडावा. कायदे करणाऱ्यांनी पळत्या माणसास समोरच्या वळूची जात ओळखता येईल असे गृहीत धरलेले दिसते. वास्तविक वळूपेक्षा नुकती व्यालेली गाय अधिक धोक्याची, हे कोणताही गुराखी सांगेल, पण तिच्याविषयी कलम नाही.

या शेतांची मापे ज्या साखळीने घेतली गेली ती आपल्या ओळखीची आहे. १८३६ च्या कायद्याने इंग्लंडात चर्चला धान्यरूपाने द्यावयाचा दशांश रोखीत बदलावयाचे ठरले आणि त्यासाठी गावोगाव शेत न् शेत मोजून नकाशे तयार झाले. आणि त्याच्या आगेमागेच, १८३५ पासून, गोल्डस्मिड आणि विंगेट हे अंमलदार पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्याची जमीन मोजून नवी जमाबंदी बसवीत होते. येथली साखळी बावीस यार्डांची, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीएवढी. अशा ऐंशी साखळ्यांचा एक मैल. तिच्या अर्ध्या लांबीचा, ३३ फूट बाजूंचा चौरस म्हणजे आपला गुंठा. ज्या मापाने माझ्या आजोबांच्या भाऊबंदकीचे कज्जे तीन पिढ्या मामलेदार कचेरीत चालले, त्याच मापाच्या दुपटीने मी आता दर रविवारी दम मोजतो आहे, हे ध्यानात आल्यापासून ही कुंपणे मला परकी वाटेनाशी झाली.

पण खरी ओळख पटली ती हक्काच्या बाबतीत. नकाशावरची ही हिरवी रेघ कोणा राजाने बक्षीस दिलेली नाही. देवळात, गिरणीवर, शेजारच्या गावच्या बाजारास, मेंढरे घेऊन माथ्यावर, लोक जात राहिले. कोणी अडवले नाही. आणि केवळ जाण्यायेण्याने वाट वाट झाली. १९४९ च्या कायद्यान्वये परगण्यांनी या वाटांचे अधिकृत नकाशे तयार केले, त्यासाठी गावोगावच्या मंडळींनी आपापल्या शिवारातील वाटा पायांनी फिरून नोंदवल्या. जी वाट तेव्हा नोंदीतून सुटली तिच्यासाठीही दार बंद नाही: वीस वर्षे अखंड वहिवाट सिद्ध करा आणि वाट मिळवा, हे तत्त्व १९३२ पासून येथल्या कायद्यात आहे. आपल्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातही वीसच वर्षांची मुदत आहे, पण तेथे हक्क मिळतो तो बहुधा एका शेताला दुसऱ्या शेतातून जाण्याचा. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणाही वाटसरूचा असा हक्क हा इंग्रजांचा विशेष, आणि मला वाटते, त्यांच्या बऱ्याच मिरवलेल्या गोष्टींपेक्षा अधिक मिरवण्याजोगा.

या वहिवाटीस मात्र एक विलक्षण अट आहे. ती बळजोरीने केलेली नसावी, चोरून केलेली नसावी, हे समजण्यासारखे आहे. पण ती परवानगीनेही केलेली नसावी. मालकाने ‘जा’ म्हटले आणि आपण गेलो, तर ते जाणे त्याच्या मेहेरबानीचे झाले, हक्काचे नव्हे. ते वीस नव्हे, शंभर वर्षे चालले तरी त्यातून काही निपजत नाही. शेजारच्या एका गावी बांधाच्या कडेने मी पळत असताना ट्रॅक्टरवरच्या वृद्ध शेतकऱ्याने यंत्र थांबवून, टोपीला हात लावून, ‘पळा की, खुशाल पळा, मी काही म्हणायचा नाही,’ असे म्हटले, तेव्हा मी कृतज्ञतेने हात जोडले. त्या सौजन्याचा कायदेशीर अर्थ मला पुढे कळला. काही धोरणी जमीनदार वर्षातून एक दिवस फाटकास कुलूप घालतात, उरलेले दिवस ते उघडे असते. तेवढ्याने वहिवाट खंडित होते आणि शेजारधर्मही बिघडत नाही. आमच्यासारख्यांना, परमुलखात राहावयाचे म्हणजे पावलोपावली इजाजत घेत, आभार मानत, अंग चोरून राहावयाचे असे ज्यांच्या वळणी पडलेले असते त्यांना, न विचारता जाण्यातूनच हक्क जन्मतो हा न्याय पचावयास जड जातो. शेतात समोरून माणूस आला की माझे पाय अजूनही आपोआप मंदावतात आणि चेहऱ्यावर एक खुलाशाचे हसू येते. त्याच वाटेवर मागून आलेली गोरी मुले ‘मॉर्निंग!’ असे ओरडून पुढे निघून जातात.

गेल्या हिवाळ्यात त्याच बाजूची, ओढ्याकाठची एक नोंद नसलेली वाट नव्या मालकाने तार ओढून बंद केली, आणि गावातील एक निवृत्त शिक्षिका वाटेच्या वापराचे पुराव्याचे तक्ते घेऊन घरोघर फिरू लागल्या. मी त्यांस म्हटले, माझा वापर अवघ्या थोड्या वर्षांचा, तो काय उपयोगाचा? त्या म्हणाल्या, एकट्याची वीस वर्षे लागत नाहीत, सगळ्यांची मिळून धरतात. तुमची चार आमच्या चाळिसांना टेकू देतील. मग चहा ठेवून आम्ही तो तक्ता भरला. किती सालापासून किती सालापर्यंत गेलात. पायी, घोड्यावरून की सायकलीने. वाटेत कधी फलक, कुलूप, अडथळा होता काय. कोणी हरकत घेतली काय. सोबतच्या नकाशावर वाट आपल्या हाताने काढा. परवानगी मागितली होती काय, या प्रश्नापुढे मी क्षणभर थांबलो, कारण न मागितल्याचे लेखी कबूल करण्याची माझी ही पहिलीच वेळ होती. मग ‘नाही’ असे लिहिले. प्रयोजनाच्या रकान्यात इतरांनी कुत्रे फिरवणे, ब्लॅकबेरी वेचणे, शाळा, देवालय अशा नोंदी केल्या होत्या, त्यांखाली मी ‘पळणे’ अशी नोंद केली आणि सही ठोकली. परगण्याच्या कचेरीत अशा अर्जांचा मोठा ढीग साचलेला असतो आणि निकाल लागावयास वर्षे जातात, असे बाईंनी जाताना सांगितले. तोवर तार ओलांडू नका, तिच्यापर्यंत जाऊन परत फिरा, आणि तारीख टिपून ठेवा.